मानेवरची कोरी जागा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, अशी मी आधीच पैज लावतो. फेट्याचा बसणार नाही, कापसाच्या दाढीचा बसणार नाही आणि त्या पुठ्ठ्याच्या गदेचा तर नाहीच नाही. जिच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली असतात, तिचा कशावरच विश्वास उरत नाही. नका ठेवू. म्हाताऱ्याचं ऐकून घ्यायचं असतं, तपासून घ्यायचं नसतं.

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. रुंद, चपटा, तळहाताएवढा. मला ब्रश म्हणू नका. ब्रशनं दात घासतात. आज माझे केस दगडासारखे झाले आहेत आणि त्यांत पांढरा रंग वाळून बसला आहे. पण एके काळी ते इतके मऊ होते, की मी गालावरून फिरलो तर गालाला पत्ता लागत नसे.

आपण पडलो आहोत तो पेटारा डब्लिनच्या मराठी मंडळाचा. ओहायोतलं डब्लिन. वर्षातले अकरा महिने हा पेटारा रत्नाकाकूंच्या गराजमध्ये असतो, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी. आज संक्रांतीच्या कार्यक्रमाची तयारी म्हणून त्यांनी तो घरात ओढून आणला आणि नेमका हीटरच्या झरोक्यापाशी ठेवला. झाकण उघडं आहे, ऊब येते आहे, तुम्हाला बरं वाटत असेल. मला वाटत नाही.

ती कोपऱ्यातली निळी बाटली पाहा. खोबरेल तेलाची. थंडीत ती थिजून पांढरीफटक पडते आणि तेल थिजलं की त्याची वाचा बसते. उन्हाळ्यात ती सैल सुटते, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतो. तुम्ही सगळे या दिवाळीला इथं आलात, त्यामुळे तुम्ही तिचा आवाज ऐकलेला नाही. ऐकण्यासारखा नाही. तेव्हा ती मुकी आहे तोवर सांगून टाकतो. मध्ये बोलू नका.

माझा जन्म क्योटोचा. माझे केस ज्या शेळीचे, ती शेळी डोंगरावर राहायची आणि धुक्याशिवाय काही खायची नाही. तिचं दूधही धुक्याचंच. धार काढली तरी भांडं रिकामं दिसायचं आणि पिणाऱ्याला मात्र ढेकर यायचा. माझे पणजोबा तिथल्या नर्तकींचे चेहरे रंगवत. गेइशा म्हणतात त्यांना. पांढराशुभ्र चेहरा, एवढेसे लाल ओठ. पणजोबांनी रंगवलेला एक चेहरा पाहून म्हणे चंद्र खिडकीशी आला आणि विचारून गेला, पावडर कुठली वापरता?

"मग तुझ्या दांड्यावर इथल्या दुकानाचं लेबल कसं?" ही गदा. म्हटलं ना मी.

तो प्रवासाचा शिक्का. जपानी वस्तू अमेरिकेत उतरली की मारतात.

"त्यावर लाकडी डेकचं चित्र आहे."

मुक्काम कुठं ते कळावं म्हणून. आता गप्प बस.

तर मला घरी आणलं कुशलनं, दोन हजार एक साली. मूळचा नागपूरचा, इथल्या एका विमा कंपनीत प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. नवीन घर घेतलं होतं, मागच्या अंगणातल्या लाकडी डेकला व्हार्निश मारायचं होतं. माझा एकच हात मारला आणि म्हणाला, "फारच सॉफ्ट आहे यार हा." झालं! ज्या मऊपणासाठी क्योटोत माझ्या घराण्यापुढं माना झुकत, तोच इथं दोष ठरला. त्यानं मला धुतलं आणि पुस्तकांवरची धूळ झटकायला ठेवून दिलं. पाच वर्षं मी धूळ झटकली. कपाटावर बुद्धाची मूर्ती होती, तिच्या कानामागची धूळ काढायचं काम खास माझं. वाईट वाटायचं, पण त्या घरात मी एकटाच नव्हतो. कुशल नागपूरला असताना पेटी वाजवायचा. इथं पेटी कपाटाखाली आणि तिच्यावरची धूळही मीच झटकायचो. माणसांच्या जगात जो तो दुसऱ्याच कशासाठी तरी जन्मलेला असतो आणि भलतंच काही झटकत बसतो.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये कुशलचे वडील आले. दादाराव. वय अडुसष्ट, नागपूरच्या इंदोरा या आंबेडकरी वस्तीतले, जन्मभर पोस्टात नोकरी. पण नोकरी दिवसा. संध्याकाळी ते आंबेडकरी जलशात असायचे, गायला नव्हे, तोंडं रंगवायला. हातगाडीवाला असो की मिलचा कामगार, दादारावांच्या हाताखालून गेला की राजा होऊन बाहेर यायचा. पांढरा सफेदा, पिवळी पिवडी, काजळ आणि खोबरेल तेल, एवढ्यावर सगळा संसार. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटावरून उचललं, अंगठ्यानं माझे केस उलटे फिरवले आणि म्हणाले, "अरे कुशल, याच्यानं तू धूळ झाडून राहिला? हा तोंडावरचा माणूस आहे."

मित्रांनो, पाच वर्षांत मला माणूस म्हणणारा तो पहिला माणूस. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. ते मला रोज कोमट पाण्यात बुडवत, साबण लावत, पिळत, केस बोटांनी सरळ करत आणि खिडकीत उलटा टांगत. ही गोष्ट लक्षात ठेवा. ते मला रोज धूत.

बाटली कशी आहे? अजून पांढरी आहे ना? छान.

घरात उपासना होती. कुशलची मुलगी, अकरा वर्षांची. डोळे मोठे, बोलणं कमी आणि तेही इंग्रजीत. आजोबा मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दोघांचं बरं चाले. एकच विषय असा होता की ती कुठल्याच भाषेत उत्तर देत नसे. मराठी मंडळ.

आदल्या वर्षी मंडळाच्या बालनाट्यात तिला 'रात्र' केलं होतं. बाकीच्या मुली चांदण्या. बसवलं होतं रत्नाकाकूंनी, मंडळाच्या सांस्कृतिक सचिव त्या. मुलांना भरभरून खाऊ घालायच्या, एकेकाची वेणी स्वतः घालून द्यायच्या. हसत हसत म्हणाल्या, "आमच्या उपासनाला काय, काळी ओढणी दिली की झालं! मेकअपचं काम वाचलं!" सगळे हसले. उपासनाही हसली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. खिळ्याचाही नसतो, शर्ट फाटायचा तो फाटतोच.

त्यानंतर ती मंडळात गेली नाही. आणि त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांची वेषभूषा स्पर्धा होती, विषय 'देशोदेशीचे लोक'. दादाराव डिसेंबरात परत जाणार होते.

"पोरी, एकदा तुला स्टेजवर पाहू दे. मग मी जातो गुपचूप."

"आय डोन्ट वॉन्ट टू, आजोबा."

"काहून गं?"

दोन दिवसांनी तीच शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. जपानवरचं. मधलं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आय वॉन्ट द व्हाइट वन."

चित्रात गेइशा. चेहरा दुधासारखा पांढरा, मानही पांढरी. दादाराव खूश झाले. नागपूरला जपानचे भिक्खू येत, पाहुणे येत, त्यांना यांनी पाहिलं होतं, एकाला संत्र्याची बर्फीही दिली होती. पण ते जुने रंगारी. रंग मागणाऱ्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं की रंग कशासाठी हवा आहे.

"पांढराच काहून?"

"बिकॉज देन नोबडी कॅन टेल."

"काय टेल?"

ती नखं कुरतडत बसली. दादारावांनी पुस्तक मिटलं नाही. भिंग मागवलं आणि रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत पान पान पाहत राहिले. मी शेजारीच होतो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी फसलं. दादारावांची जलशातली रीत अशी की आधी चेहऱ्याला खोबरेल तेल, मग सफेदा. तेल कुशलच्या गराजमध्ये होतं, हीच बाटली. थंडी पडायला लागली होती, तेल मेणासारखं घट्ट झालेलं. दादाराव म्हणाले, "पुस्तकात मेण लावा म्हटलंय. हे मेणच की!" चमच्यानं गोळा काढला, उपासनाच्या गालावर चोळला आणि गालाच्या उबेनं त्याचं पाणी झालं. त्यावर मी पांढरा रंग ओढला तर रंग घसरत हनुवटीवर आला. रस्त्यावरचा बर्फ मीठ टाकल्यावर होतो तसा चिखल झाला. उपासना आरशात पाहून खोखो हसली. दादाराव हसले नाहीत. खोलीभर फेऱ्या घालायला लागले.

आणि एकदम थांबले. "माझ्या आईच्या करंड्यात मेण असायचं," ते म्हणाले. "आधी मेणाचं बोट कपाळाला, मग कुंकू. दिवसभर शेतात घाम गाळायची, पण कुंकू हलायचं नाही. साठ वर्षांत आठवलं नाही मला!"

आता मेण कुठून आणायचं? घरात रोज वंदना व्हायची, बुद्धापुढं मेणबत्ती लागायची. उपासनाची आई शोभना शेतकऱ्यांच्या बाजारातून मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या आणत असे, कारण साध्या मेणबत्तीच्या धुरानं घरातला अलार्म बोंबलायचा. तिचे उरलेले तुकडे एका डब्यात साठले होते. दादारावांनी ते वितळवले, त्यात चमचाभर खोबरेल घातलं आणि थंड केलं. गोळा असा झाला की तळहातावर चोळला तर मऊ होई आणि चेहऱ्यावर बसला की हलत नसे. क्योटोचे लोक ज्यासाठी सातशे वर्षं झटले ते इंदोऱ्याच्या माणसानं एका रविवारी ओट्यापाशी केलं. हे मात्र खरं आहे. शपथ.

मग आली माझी पाळी. पांढरी पावडर पाण्यात कालवायची, दह्याच्या निवळीइतकी पातळ. माझे केस अर्धेच बुडवायचे. मानेपासून वर, एका दमात, न थांबता. मागून स्पंजनं टिपत जायचं. डोळ्यांच्या कडेला गुलाबी छटा, भुवया आधी लाल मग काळ्या, ओठ मधोमध एवढासा. मित्रांनो, तुम्हाला काय सांगू! मी फिरलो आणि खोलीतला दिवा मंद वाटायला लागला. शेजारची खार खिडकीत येऊन बसली आणि तिच्या तोंडातून अक्रोड पडला.

"खार?" गदा म्हणाली.

बरं, खारीचं सोड.

चेहरा झाल्यावर दादारावांनी उपासनाला पाठमोरं बसवलं आणि पुस्तकातलं एक चित्र तिच्यापुढं धरलं. पाठीमागून काढलेलं. मान पांढरी, पण केसांच्या कडेपासून खाली दोन निमुळत्या पट्ट्या तशाच सोडलेल्या. कोऱ्या. कातडीच्या रंगाच्या.

"पाह्य, इथं त्यायनं रंग लावलाच नाही."

"दे फर्गॉट?"

"विसरले नाहीत. मुद्दाम सोडलं. खाली लिहिलंय, वाच. त्यायच्याकडे म्हणे सगळ्यात सुंदर जागा हीच. अख्खी मान रंगवणारा शिकाऊ. जागा सोडणारा उस्ताद."

"व्हाय?"

"पाहणाऱ्याला कळलं पाहिजे ना, की रंगाखाली माणूस आहे."

तिनं चित्रातल्या त्या पट्टीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "माझी ब्राउन दिसेल."

"तेच दाखवायचं आहे," दादाराव म्हणाले. "बाकीचं पांढरं त्याच्यासाठीच तर लावून राहिलो."

मित्रांनो, त्या घरात काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला आता कळलं असेल. बक्षीस नव्हे. ती मुलगी तोंड लपवायला रंग मागत आली होती आणि म्हातारा तिच्याकडून मान दाखवून घेणार होता. भर स्टेजवर, त्याच लोकांपुढं.

त्यांनी माझी कड धरली, सुरीसारखी, आणि त्या दोन पट्ट्या सोडून बाकीची मान पांढरी केली. हात जराही हलला नाही. दोन आरसे धरून उपासनानं स्वतःची मान पाहिली. पांढऱ्याच्या मधोमध दोन तपकिरी ज्योती. तिनं आरसा लवकर खाली ठेवला नाही.

मग सराव. स्टेजवर यायचं, नमस्कार करायचा, दोन वाक्यं म्हणायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं. दादाराव म्हणाले, पाच आकडे मोजायचे. ती इथल्या मुलांच्या पद्धतीनं मोजायची, वन मिसिसिपी, टू मिसिसिपी, म्हणजे प्रत्येक आकडा पुरता एक सेकंद भरतो. पहिल्या दिवशी दोनावर वळली. आठवड्यानं चारावर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाच मोजून झाल्यावर म्हणाली, "आय कॅन डू टेन."

दादारावांनी त्या दिवशी मला दोनदा धुतलं.

बाटलीच्या कडेला ओल सुटल्यासारखी वाटते आहे का? नाही? मला वाटलं. फेटेबुवा, जरा सरकून झरोक्यापुढं बसाल का? आभारी आहे.

कार्यक्रम एका मिडल स्कूलच्या सभागृहात होता. दारात रत्नाकाकू फराळाच्या ताटल्या देत होत्या. दादारावांना वाकून नमस्कार केला, चकली दिली, विचारलं, "काका, मूळ गाव कुठलं तुमचं? नाही, आडनावावरून कळेना म्हणून."

"नागपूर. इंदोरा."

"अच्छा, अच्छा," रत्नाकाकू म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला ताटली द्यायला लागल्या.

मुलांना तयार व्हायला संगीताचा वर्ग दिला होता. कोपऱ्यात ढोल, भिंतीवर ट्रम्पेटची चित्रं. एक एस्किमो, दोन मेक्सिकन आणि एक रडणारा अरब शेख अशी मंडळी होती. दादारावांनी खिडकीपाशी बैठक मांडली आणि मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुरेख काम केलं. चेहरा, गळा, पाठ. आणि मान. दोन पट्ट्या अशा सोडल्या, की आता सांगतानाही माझे केस उभे राहतात. तसे ते उभेच आहेत, पण तो भाग वेगळा. कुशल गाडी लावायला गेला होता आणि कागदी पंखा गाडीतच राहिला होता. तो आणायला दादाराव बाहेर गेले. रत्नाकाकू मध्ये डोकावल्या, "किती गोड!" म्हणाल्या, गेल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग तिचा नंबर आला आणि घात झाला.

घात केला तेलानं! त्या मेणात चमचाभर खोबरेल होतं ना? स्टेजवर दिवे मोठाले, उष्णता भट्टीची. उपासना उभी राहिली आणि तेल पाघळलं. कपाळावरचा पांढरा भुवईत, भुवई गालावर, ओठ हनुवटीवर. मानेवरचा रंग ओघळून त्या दोन पट्ट्यांत शिरला आणि सगळं सारखं झालं. समोर तीनशे माणसं. आधी एक पोरगं हसलं, मग रांग हसली, मग सभागृह. उपासना पळाली. ती गोष्ट तिथं संपली. पुन्हा ती मंडळात आली नाही, आजोबांशी रंगाबद्दल बोलली नाही. दादाराव डिसेंबरात निघून गेले. एवढं सगळं त्या तेलाच्या पाघळण्यामुळे! आणि शिक्षा कुणाला? मला! त्या गोंधळात दादाराव मला टेबलावर विसरून गेले. न धुता. कार्यक्रमानंतर रत्नाकाकूंनी खोली आवरली आणि मला या पेटाऱ्यात टाकलं. चौदा महिने झाले. रंग वाळला, केस गेले. ज्यानं मला तोंडावरचा माणूस म्हटलं त्याला मी आठवलोसुद्धा नाही.

म्हणून मित्रांनो, हा म्हातारा तुम्हाला हात जोडून सांगतो. वस्तू वापरली की धुवा. पुसा. जागच्या जागी ठेवा. तिनं तुमच्यासाठी काय काय केलं ते कार्यक्रम संपल्यावरही आठवा. आणि तेलासारख्या पातळ माणसांवर कधीही विश्वास...

"एक मिनिट," गदा म्हणाली. "रंग गालावरून पाघळला. मग तुझ्या केसांत एवढा कुठून आला? दादाराव काम झालं की धूत होते ना?"

घाईत होते.

"पंखा आणायला जायला वेळ होता. आणि वाळलाय तो टोकाला नाही, पार मुळापर्यंत. उस्ताद माणूस अर्धेच केस बुडवतो, असं तूच म्हणालास. पूर्ण कुणी बुडवलं?"

पुठ्ठ्याच्या पोटी एवढी अक्कल येते कुठून? वर्तमानपत्रं भरल्याचा परिणाम. मित्रांनो, तिच्याकडे लक्ष देऊ नका, मी सांगत होतो की वस्तू वापरली की...

"खोटं."

आवाज जड होता, घशात अजून गोळा असल्यासारखा. फेटा दचकून बाजूला झाला. निळ्या बाटलीच्या पोटात पांढरा गोळा सुटून तरंगत होता आणि भोवती पातळ तेल फिरत होतं.

"खोटं बोलतोय हा," बाटली म्हणाली. "मी पाघळले नाही. मेणात होते ती जागची हलले नाही. आणि उरलेली मी दादारावांच्या उघड्या पिशवीत होते, नंतर रंग उतरवायला. थिजलेली होते. आंधळी नव्हते.

"रत्नाकाकू डोकावून गेल्या नाहीत. आत आल्या. उपासनाच्या मागं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'अय्या, मागे राहिलंय की गं! आजोबांच्या लक्षात नाही आलं वाटतं.' ती म्हणाली, 'इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट.' इतक्या हळू म्हणाली की ऐकू यायला मी आणि तू, दोघंच. 'अगं, स्टेजवरून काळं दिसेल ते,' काकू म्हणाल्या. 'थांब, मी टचअप करते.' आणि तुला उचललं. मुठीत धरलं, वाटीत मुळापर्यंत बुडवलं. तीन फटके. तू थरथरला नाहीस, एक केस गाळला नाहीस. सफाईनं भरलीस ती मान.

"आणि हसलं कुणी नाही. टाळ्या पडल्या. तिनं पाठ फिरवली, दोनच आकडे मोजले, वळली. पहिला नंबर आला तिचा. दादाराव पंखा आणि माझी पिशवी घेऊन स्टेजच्या दाराशी उभे होते, त्यांनी मान पाहिली. काकू धावत आल्या, 'बघा काका, थोडं राहिलं होतं, मी करून टाकलं. आता कसं एकसारखं दिसतंय!' ते म्हणाले, 'हो. एकसारखं.'

"मग त्यांनी माझं झाकण उघडलं, तिच्या गालाला लावायला. ती म्हणाली, 'लीव्ह इट ऑन, आजोबा.' तशीच पांढरी घरी गेली. माझं काम उरलं नाही, मी टेबलावर राहिले. आणि तू म्हणतोस, ते तुला विसरले! विसरले नाहीत ते. तुला उचलून कोपऱ्यातल्या नळापाशी नेलं, पाणी सोडलं. मुळापर्यंत माखलेले तुझे केस पाहत राहिले. मग नळ बंद केला आणि तुला तसाच आणून माझ्या शेजारी ठेवला."